शिखरावरच्या आठ सह्या

वेंडेल प्रुएट साऱ्या गावाला छातीठोकपणे सांगायचा की गेली आठ वर्षं दर वसंतात तो वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानातलं शिखर एकटा सर करतो आणि वर लोखंडी डब्यात ठेवलेल्या वहीत सही ठोकून येतो. प्रत्यक्षात गडी पायथ्याच्या हॉटेलात निवांत पॅनकेक हाणायचा, बुटांना धूळ चोळायचा आणि घरी यायचा!

यंदा त्याची साठी. बायको मार्लिस म्हणाली, "या खेपेला मीपण येते. तुझ्या सह्या बघायच्यात मला."

वेंडेल पुरता अडकला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मार्लिसने चारचौघांत त्याची कौतुकाने सांगितलेली गोष्ट ही एवढीच. तीही गेली तर बिचाऱ्याकडे उरलं काय?

उपाय एकच होता, तिच्याआधी वर पोहोचायचं! साठीतला नवरा कसा पळतो ते बघच, असं म्हणून त्याने गाडीतून उतरताच धूम ठोकली. सगळीकडे पिवळी फुलं नुसती उधळली होती, पण बघायला सवड कुणाला? अंतर वाचवायला तो आडवाटेने चढला, घसरला आणि थेट चोयावर बसला. हा निवडुंग असा चिवट, की नुसता स्पर्श झाला तरी काट्यांचा अख्खा गोळा अंगाला डसतो. तो काढायचा कंगवा मार्लिसच्या पिशवीत, चष्माही तिच्याच पिशवीत. तसाच, मागे गोळा मिरवत, पठ्ठ्या शिखरावर पोहोचला! आनंदाने त्याला ओरडावंसं वाटलं.

पण वेळ नव्हता. त्याने डबा उघडला, वही काढली. चष्म्याशिवाय सगळी अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्याच मुंग्या. जिथे कोरी जागा दिसली तिथे त्याने उभ्याउभ्याच लिहायला घेतलं. "२०१७. वारा फार." "२०१९. गुडघा दुखला, पण हरलो नाही." अक्षर वेगळं दिसावं म्हणून दोन वर्षं तर त्याने डाव्या हाताने लिहिली.

आठवी सही होते न होते तोच मार्लिस आली. तिला धापसुद्धा लागली नव्हती. आधी तिने त्याला ओणवा करून कंगव्याने गोळा उपटला. मग वही घेऊन आठही सह्या सावकाश वाचल्या. वेंडेलची छाती फुगली.

"चष्मा लाव आणि पहिलं पान वाच," ती म्हणाली.

पहिल्या पानावरचं अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. "जुनी वही भरली, म्हणून डब्यातली ही कोरी आज सुरू केली. नवऱ्याच्या साठीला त्याच्या आठ सह्यांचा फोटो द्यायचा होता. जुनी वही दोनदा चाळली. एकही सापडली नाही. मार्लिस प्रुएट." तारीख गेल्या रविवारची होती.

वेंडेलला शिखर अचानक फार अरुंद वाटू लागलं. मार्लिसने पुन्हा पानं उलटली.

"आजची सही कुठाय?"

वेंडेलने वही घेतली, शोधली आणि मान खाली घातली. घाईत तेवढी लिहायचीच राहिली होती.