सगळे हैबतराव आणि एक केरू

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांचंच नाव हैबतराव होतं.

वाघाचं नाव हैबतराव. सशाचं हैबतराव. बिळातल्या उंदराला सात पिल्लं झाली, सातही हैबतराव. मुली झाल्या तर त्यांना हैबतीबाई म्हणत. हसू नका. तुमच्या वर्गात एकाच नावाचे किती जण आहेत ते आधी बघा.

हे असं का झालं, तर त्या जंगलाला इतिहास होता. इतिहास असणं वाईट नाही. पण तो पोपटाला पाठ होता. दर चैत्रात मोठ्या वडाखाली आचार्य पोपट तो म्हणून दाखवायचे आणि सगळं जंगल माना डोलवत ऐकायचं.

"दुष्काळ पडला, नदी आटली, तेव्हा कोण धावून आलं? हैबतराव हत्ती. त्यांनी वाळू उपसून पाणी काढलं आणि तळ्याला बांध घातला. रानकुत्र्यांची धाड आली तेव्हा एकटे कोण उभे राहिले? हैबतराव रानडुक्कर. जंगलाला पहिलं गाणं कुणी दिलं? हैबतराव अस्वलांनी. आणि न्याय कुणी आणला? हैबतराव वानरांनी. भांडणाऱ्या दोघांनाही शिक्षा करायची, ही थोर पद्धत त्यांचीच."

हैबतराव नावाचा एक नामांकित दरोडेखोर लांडगाही होऊन गेला होता. त्याची पाळी आली की आचार्यांना नेमका खोकला यायचा.

आता जंगलातल्या आत्याबाई काही कमी हुशार नव्हत्या. त्यांनी विचार केला, हत्ती हैबतराव, डुक्कर हैबतराव, अस्वल हैबतराव, वानर हैबतराव. म्हणजे सगळा गुण नावात आहे. बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात. गुद्दे तर खायचेच आहेत, मग नाव तरी दणदणीत ठेवू, असं प्रत्येक आत्या म्हणाली. दोन-तीन पिढ्यांत जंगलात दुसरं नाव उरलं नाही.

पोरं मोठी झाली. थोर मात्र एकही झालं नाही. पण आपण थोर होणार याची प्रत्येकाला इतकी खात्री होती, की हातपाय हलवायचा प्रश्नच येत नव्हता. वाटेत झाड पडलं की सगळे म्हणत, "हैबतराव उचलतील." आणि मुलांनो, यात खोटं कुणीच बोलत नव्हतं.

या सगळ्या हैबतरावांत एकच केरू होता.

केरू साळिंदर. त्याच्या आधीची त्याच्या आईची पिल्लं जगली नव्हती. पोरं जगत नसली की काय करायचं, ते जुन्या बायकांना ठाऊक असतं. झालेलं पोर उकिरड्यावर ठेवायचं, मग केरातून उचलल्यासारखं उचलून आणायचं आणि नाव असं ठेवायचं, की यमदूतानं ऐकलं तरी नाक मुरडून पुढे जावं. आईनं तसंच केलं. केरू जगला. आत्या 'हैबतराव' घोकून आली होती, ती गुद्दे खाऊन रुसून गेली.

या नावाचा जंगलाला मोठा उपयोग झाला. "हैबतराव" अशी हाक मारली, तर पन्नास माना वळायच्या आणि पाय एकही हलायचा नाही. "केरू" म्हटलं, की एकच मान वळायची, पण चार पाय यायचे. त्यामुळे कुणाच्या पंजातला काटा काढायचा असो, की कुणाच्या दारातली घाण उचलायची असो, हाक केरूलाच. तोही जायचा. आपलं नावच तसलं आहे, असं त्याला वाटायचं.

केरू आणि त्याची आई बांधाच्या खालच्या उतारावर एका बिळात राहत. म्हातारीचे गुडघे गेले होते. बिळाबाहेर यायचं तर तिला केरूचा आधार लागायचा, आणि साळिंदराचा आधार घेणं किती जपून करावं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको.

एके वर्षी पाऊस सरला तेव्हा तळं तुडुंब भरलेलं होतं. म्हातारी म्हणाली, "केरोबा, माझं अंथरूण ओलं झालंय रे."

"आई, होतं असं वयोमानानं."

"मेल्या, मी नाही केलं. भिंत पाझरतेय."

केरूनं बाहेर जाऊन बघितलं. बांधाच्या पायथ्याशी बोटाएवढी धार लागली होती आणि पाणी गढूळ होतं. म्हणजे बांधाची माती आतून निघून चालली होती. बांध गेला तर सगळ्यात आधी त्याची आई जाणार होती. तिला उचलून पळवणं त्याच्याच्यानं होणार नव्हतं. तिच्यामागून उतारावरचं सगळं जंगल जाणार होतं.

साळिंदर म्हणजे दिवसा झोपणारा जीव. पण मोठी मंडळी दिवसाच भेटतात. केरू डोळे चोळत वाघाकडे गेला.

वाघ म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस. आता हैबतरावांना सांग."

"महाराज, हैबतराव तुम्हीच की."

"मी आहेच रे. पण ते करणारे हैबतराव असतात ना, त्यांना सांग."

केरू हत्तीकडे गेला. हत्ती तर रागावलाच. "तो बांध आमच्या पणजोबांनी घातलाय. तो फुटेल म्हणणं म्हणजे पणजोबांचा अपमान आहे. अंगावर काटे आहेत म्हणून काहीही बोलशील?"

मग केरू कुणाकडेच गेला नाही. तो घाबरला होता आणि घाबरलेल्याला भाषण सुचत नाही, काम सुचतं. त्यानं दगड लोटत आणले. गवताचे बोळे केले. चिखल तुडवून त्याचे गोळे केले. म्हातारी बिळाच्या तोंडाशी बसून ओरडत होती, "वर काय थापतोयस? आधी खालचं भोक बुजव. तुझ्या बापालाही असंच समजायचं नाही." केरू पडत, धडपडत, जांभया देत थापत राहिला. नखं झिजली. पाठीचे काटे चिखलानं बसून गेले. शेवटी धार थांबली आणि केरू तिथेच झोपला.

खारींनी ते बघितलं. खारींनी बघितलं म्हणजे सगळ्यांनी बघितलं. जंगल लोटलं. बुजवलेलं भोक बघून प्रत्येकाला आपण कसे वाहून गेलो असतो ते दिसलं आणि प्रत्येकाचे डोळे भरून आले. सत्कार ठरला.

वडाखाली वाघानं हार घातला. कुणीतरी घोषणा दिली, "केरूंचा..." आणि असल्या नावापुढे 'विजय असो' म्हणायला कुणाची जीभच वळेना.

आचार्य पोपटांनी केरूला फांदीखाली बाजूला घेतलं. "एक अडचण आहे. केरू इतिहासात बसत नाही. आजपासून तुम्ही हैबतराव."

"पण मी केरू आहे."

"हत्ती दगडू होता."

केरूला कळलं नाही.

"पाळण्यातलं नाव दगडू," पोपट शांतपणे म्हणाले. "रानडुक्कर उकिरडू. अस्वल भिकू. वानराला तर घरात धोंड्या म्हणायचे. हैबतराव म्हणून कुणीच जन्माला आलं नाही. ते सगळ्यांना मागाहून केलं."

"का पण?"

"आमच्या पणजोबांनी एक पोवाडा रचून ठेवला होता. नायकाचं नाव हैबतराव. नायक मिळत नव्हता. तेवढ्यात दगडूनं पाणी काढलं. इतका चांगला पोवाडा वाया घालवायचा? तेव्हापासून तोच पुरवतोय. आता दर वेळी नवा कोण रचत बसणार?"

केरूनं गळ्यातला हार चाचपून बघितला. मग म्हणाला, "मग आत्याबाईंना हे कुणी का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्या पोरांची नावं दगडू ठेवली असती. शोभलं असतं का जंगलाला?"

"मी केरूच बरा," केरू म्हणाला.

"राहा की. पण केरूला पोवाडा नाही. पोवाडा नाही म्हणजे इतिहास नाही. आणि मग बांध कुणी बुजवला? कुणीच नाही, आपोआप बुजला. शिवाय टेकडीवरची गुहा फक्त हैबतरावांसाठी असते. कोरडी आहे. गुडघ्यांना बरी."

केरूला आईचं ओलं अंथरूण आठवलं. खरं सांगायचं तर, मुलांनो, गळ्यातल्या हाराचा वासही फार गोड येत होता. तो हो म्हणाला.

पोवाडा दणक्यात झाला. 'सोंडेनं उचलली माती जी जी, हैबतरावांची रुंद ती छाती जी जी.' दगडूसाठी घातलेली सोंड कुणी काढलीच नव्हती. रानडुकरालाही तीच होती, अस्वलालाही तीच. पण सगळ्यांनी केरूच्या इवल्याशा नाकाकडे मोठ्या आदरानं बघितलं, आणि थोड्या वेळानं केरूलाही आपलं नाक जरा लांब वाटायला लागलं.

आईला दोन माकडांनी झोळीत घालून टेकडीवर नेलं. गुहा कोरडी होती, एवढंच तिनं कबूल केलं.

ते वर्ष हैबतराव साळिंदरांना फार धावपळीचं गेलं. पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेला अध्यक्ष तेच. नव्या वारुळाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते. ते हळूहळू बोलायला शिकले. बोलण्याआधी डोळे मिटायला शिकले. दिवसा जागायची सवय झाली, कारण हार दिवसा मिळतात. खाली काटा काढायला, घाण उचलायला आता कुणी येत नव्हतं. पण हैबतराव करतील, असं म्हणून जंगल निर्धास्त होतं.

पुढच्या वर्षी पाऊस सरला, तळं पुन्हा भरलं. एका दुपारी साळिंदरांना टेकडीवरून बांधाच्या पायथ्याशी ओली रेघ दिसली. त्यांचे पंजे आपोआप शिवशिवले. ते उठले.

"कुठे?" पोपटांनी विचारलं.

"बांध पाझरतोय."

"हैबतरावांनी एकच काम दोनदा केल्याचा दाखला इतिहासात नाही. आणि चिखल आहे तिथे. संध्याकाळी सत्कार आहे."

"मग कोण करणार?"

"कुणालातरी हाक मारा."

साळिंदर कड्याच्या टोकाशी गेले. असल्या कामाला जंगलात कुणाला हाक मारायची असते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी छाती भरून हाक मारली, "केरू... अरे ए केरू..."

खालून ओ आली नाही. वाघानं हत्तीकडे बघितलं, हत्तीनं डुकराकडे. हाक आपल्याला नाही म्हटल्यावर सगळे पुन्हा आडवे झाले.

गुहेच्या तोंडाशी म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "हाक तू मारलीस, आता ओ पण तूच दे."

साळिंदरांना लाज वाटली. अगदी खरी लाज वाटली, कानापर्यंत. "आई, आता मी कसा जाऊ?"

"पायांनी."

त्यांनी आईकडे बघितलं. पोपटांकडे बघितलं. संध्याकाळचा हार पानात गुंडाळून ठेवला होता, त्याच्याकडेही बघितलं. मग ते पुन्हा कड्याशी गेले आणि आधीपेक्षा मोठ्यानं ओरडले, "केरू..."

तेवढ्यात बांध फुटला.

कुणी मेलं नाही. बोधकथेत उगाच कुणी मरत नाही. वाघाच्या पाठीवर उंदराची सात पिल्लं आणि हत्तीच्या पाठीवर उरलेलं जंगल, असे सगळे निथळत टेकडीवर आले. घरं मात्र सगळ्यांची गेली. तळं रिकामं झालं. उन्हाळ्यात प्यायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लगेच चौकशी समिती बसली. अध्यक्ष हैबतराव साळिंदर. सदस्य हैबतराव, हैबतराव आणि हैबतराव. खारींनी साक्ष दिली, की बांध फुटण्याआधी दोन हाका मारल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. मग निष्कर्षाला वेळ लागला नाही. आचार्य पोपटांनी तो वाचल्यासारखा म्हणून दाखवला. "दोनदा हाक मारूनही केरू आला नाही. केरूच्या या बेजबाबदारपणामुळे बांध फुटला. सबब केरूचा तीव्र निषेध. यापुढे या जंगलात कुणाही बाळाचं नाव केरू ठेवू नये."

सगळ्यांनी पंजे वर केले. राहिला फक्त अध्यक्षांचा. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी खाली बघितलं, मग डोळे मिटले, आणि पंजा वर केला. ठराव एकमतानं झाला. टाळ्या पडल्या.

टाळ्या चालू असतानाच म्हातारी उठली. कुणाचा आधार न घेता, एकेक गुडघा सावरत ती उतारावरून खाली चिखलाकडे निघाली.

"आई, कुठे चाललीस?" साळिंदरांनी विचारलं.

म्हातारीनं वळून बघितलं नाही. "माझा केरू हरवलाय," ती म्हणाली. "बघते, केरात कुठे सापडतो का."

तात्पर्य: ज्याच्याकडून काम करून घ्यायचं आहे, त्याचा सत्कार कधीही करू नये. करायचाच झाला, तर आधी सगळ्यांनी पोहायला शिकावं.