गोवंडेकाकांचा अपुरा अंधार

आमच्या संस्थेच्या नाटकांत खून झालेत, घटस्फोट झालेत, एकदा तर दुसऱ्या अंकात आख्खं कुटुंब विष पिऊन मेलं. पण गेल्या काही वर्षांत अंधार म्हणून झाला नाही. मेलेलं कुटुंब उठून, कपडे झटकून विंगेत जाताना प्रेक्षकांनी स्वच्छ पाहिलं आणि त्याला टाळ्याही दिल्या. या कामगिरीचं सगळं श्रेय आमचे प्रकाशयोजनाकार गोवंडेकाका यांचं.

काका डोंबिवली पूर्वेला राहतात. उभी हयात मोहन्याला कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे दाखवायला जातात, नाहीतर भजनी मंडळात जातात. काकांनी मिडी पॅनल घेतलं.

हे मुळात संगीतवाल्यांचं खेळणं. रबरी बटणं आणि वरखाली सरकवायच्या पट्ट्या. ते लॅपटॉपला जोडायचं आणि लाइटच्या सॉफ्टवेअरला एकदा शिकवून ठेवायचं, की ही पट्टी म्हणजे अमुक दिवा. मग पट्टी वर गेली की दिवा उजळतो, खाली आली की विझतो. सगळं इतकं सोपं आहे, पण काका सांगायला लागले की अणुभट्टी चालवत असल्यासारखं वाटतं. सत्कारात मिळालेल्या शालीत ते पॅनल गुंडाळून, मांडीवर घेऊन, ते रिक्षातून तालमीला येतात. कुणी बोट पुढे केलं की पहिला प्रश्न, "हात पुसलेस?" पुसले असले तरी लावू देत नाहीत, हा भाग वेगळा.

सोसायटीच्या गणपतीत काका पॅनल मांडून बसले, तेव्हा एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "आजोबा, आरतीला जरा ठेका धरा ना!" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी वाजवत नाही, मी दाखवतो." त्यानंतर त्या बाईंच्या मुलीचा नाच झाला. तो तिने बराचसा जांभळ्या काळोखात केला.

सरावासाठी म्हणून काकांनी घरातले दिवेही पॅनलला जोडलेत. चहा आला की हॉल सोनेरी होतो. कळव्याचे मेहुणे राजकारणावर बोलायला लागले की त्यांच्या डोक्यावरचा दिवा मंद होत जातो आणि मेहुण्यांना कारण न कळता झोप येते. मी एकदा "निघतो" म्हणून पुन्हा गप्पा मारत बसलो, तर माझ्या कोपऱ्यातला दिवा गेला. "तुझी एक्झिट झाली होती," काका म्हणाले.

एवढा पट्टीचा कलाकार, पण नाटकाच्या शेवटी अंधार मागितला की ठरलेलं उत्तर. "पॅनल स्वस्तातलं आहे रे. पट्टी शून्याला टेकत नाही." सगळे दिवे जायचे आणि डाव्या विंगेतला एक निळा दिवा तेवढा रेंगाळायचा. मागच्या वर्षी स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "शेवटी अंधार हवा होता, तुम्ही संध्याकाळ दिलीत." आम्ही पहिल्याच फेरीत घरी आलो.

यंदाचं नाटक मी बसवलेलं. शेवटी म्हातारी मुलाला "जा" म्हणते आणि काळाकुट्ट अंधार. त्या अंधारावर आख्खं नाटक उभं होतं आणि अंतिम फेरी गाठायची असेल तर तो मिळायलाच हवा होता. म्हातारीचं काम शोभाकाकूंचं, म्हणजे काकांच्या सौभाग्यवतींचं. काकू शाळेपासून नाटकात. त्या काम करतात, बाकीचे आम्ही त्यांच्या आजूबाजूला उभे राहतो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी कल्याणच्या थिएटरात तांत्रिक तालीम होती. काका तिथल्या वायरमनशी भांडायला गेले आणि मी लॅपटॉप उघडला. घोडबंदर रोडच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची सॉफ्टवेअर दुरुस्त करतो, तर हे काय अवघड! हात न पुसताच बसलो. पाहतो तर पॅनल बिचारं निर्दोष. त्या निळ्या दिव्याची खालची मर्यादाच कुणीतरी शून्याच्या वर बांधून ठेवली होती. पट्टी कितीही ओढा, दिवा त्याखाली जाणार नाही. मी ती मर्यादा काढून टाकली आणि साळसूदपणे जागेवर जाऊन बसलो.

शेवटचा प्रवेश आला. काकू "जा" म्हणाल्या, काकांनी पट्ट्या खाली ओढल्या आणि काय सांगू, असा अंधार पडला! मी मनातल्या मनात बक्षीस घ्यायला उठलो होतो. तेवढ्यात रंगमंचावर खुर्ची कोसळल्याचा आवाज झाला.

ज्याला कुणी बोट लावायचं नाही ते पॅनल काकांच्या मांडीवरून खाली आपटलं आणि सत्तरीचा माणूस खुर्च्यांना धडकत पुढे पळाला. "शोभा, हलू नकोस! मी येतोय!"

कुणीतरी दिवे लावले. काकू जमिनीवर बसून गुडघा चोळत हसत होत्या. "अहो, पदर अडकला खुर्चीत! एवढं काय धावायचं?"

"खुर्ची चुकीच्या जागी ठेवलीय यांनी," काका धापा टाकत म्हणाले.

खुर्ची रोजच्याच जागी होती. आणि काकू तालमीला कुर्ता घालून आल्या होत्या. पदर नव्हताच.

काका मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले. "मर्यादा तू काढलीस ना?"

"तुम्ही लावलेली?"

"उजेड कमी झाला की तिला दिसत नाही," काका म्हणाले. "काहीच नाही. डॉक्टरकडे एकटीच जाऊन आली. डॉक्टर आमचे जुने शेजारी, त्यांनी मला फोन केला. यावर उपाय नाही म्हणाले."

"मग तुम्ही काकूंशी बोललात?"

"तिला सांगायचं असतं तर सांगितलं असतं तिनं. कळलं तर काम मिळणार नाही, असं वाटतं तिला. तू दिलं असतंस?"

खरं सांगायचं तर, नसतंच दिलं.

"तेवढा एक निळा ठिपका दिसला की ती सरळ त्याच्याकडे चालत जाते. तिला वाटतं, विंगेत असा दिवा असतोच." काकांनी चहा संपवला. "पॅनल चांगलं आहे रे. उगाच त्याला नावं ठेवली मी."

संध्याकाळी प्रयोगाआधी मी ती मर्यादा स्वतःच्या हाताने परत बांधली. शेवटचा प्रवेश झाला, दिवे गेले, निळा उरला. काकू वळल्या आणि ताठ मानेने त्याच्याकडे चालू लागल्या. "अरे, आजी दिसतायत ना!" मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. परीक्षक काय लिहिणार ते मला तेव्हाच कळलं, आणि पुढे तसंच झालं. काकांचं लक्ष ना पॅनलकडे होतं ना परीक्षकांकडे. काकू विंगेत दिसेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी "पोचली" एवढंच म्हटलं आणि कोंडलेला श्वास सोडला. मला त्या क्षणी अंतिम फेरीचं काहीसुद्धा वाटलं नाही.

आत काकू मेकअप पुसत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं, इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"निखिल, यांच्यावर रागावू नकोस हं. ते मुद्दामच पूर्ण अंधार करत नाहीत. मला माहितीये."



"यांना अंधाराची भीती वाटते रे," काकू म्हणाल्या. "आधी असं नव्हतं. आता या वयात सुरू झालंय. रात्रभर पॅसेजमधला, बाथरूममधला, सगळे दिवे चालू ठेवतात. मी एकदा विचारलं, तर लहान मुलासारखं कबूल केलं, शोभा, मला भीती वाटते गं. मी कुणाला बोलले नाही. तूही बोलू नकोस. त्यांना लाज वाटेल."

"नाही बोलणार, काकू," मी म्हटलं.

तेवढ्यात काका पॅनल बगलेत मारून आले. "चल शोभा, उशीर झाला."

थिएटरच्या मागच्या जिन्यावर दिवा नव्हता. पहिल्या पायरीशी काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला.

"घाबरू नका हं," त्या म्हणाल्या, "मी आहे ना."