मास्तरांचे शेरे पोचले

टेलर मास्तरांच्या मेहुणीने ईमेल मार्केटिंगचा तीन दिवसांचा कोर्स केला आणि चौथ्या दिवशी ती त्यांच्या दुकानात, थेट कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. मास्तरांनी हरकत घेतली नाही, कारण टेबलावर कापायला कापडच नव्हतं. वर्षापूर्वी समोर तयार कपड्यांचं तीन मजली दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकं रस्त्याच्या त्या बाजूनेच चालायला लागली. त्या दुकानाचा मॅनेजर म्हणजे मास्तरांचंच जुनं गिऱ्हाईक. परवा तो येऊन सांगून गेला, "मास्तर, आमच्याकडे या. तळघरात मशीन देतो. पँटी खालून दुमडून द्यायच्या, बस्स! सोमवारी उत्तर सांगा."

तीस वर्षं ज्याने कोट शिवले त्याने तळघरात बसून परक्यांच्या पँटी दुमडायच्या! मास्तरांना घास गोड लागेना.

"भाऊजी, काळजी सोडा," मेहुणी म्हणाली. "जुन्या गिऱ्हाइकांना पत्र पाठवू. ईमेलचे पत्ते आहेत ना?"

"कपडे तयार झाल्याचं कळवायला घेतले होते. मापाच्या वहीत आहेत. पण असली पत्रं वाचतं कोण?"

"तीच तर गंमत आहे! माणसाला वाटलं पाहिजे, की हे पत्र फक्त माझ्यासाठी लिहिलंय. आपण पत्रात जागा सोडायची, प्रत्येकाचं नाव-गाव कॉम्प्युटर भरतो."

आता त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. मास्तर तोंडाचे फार गोड. गिऱ्हाइकाच्या पोटाबद्दल त्यांनी उभ्या जन्मात ब्र काढला नव्हता. पण कपडा अंगावर बसायचा तर खरं कुठेतरी लिहावंच लागतं. ते मास्तर वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहीत, 'शेरा' म्हणून. मेहुणीने वही टायपिंगवाल्याकडे दिली आणि त्या इमानदार माणसाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी टाइप केली. मेहुणीने पहिली ओळ तेवढी वाचली. 'स्वभावाने शांत. खिसे खोल आवडतात.'

"अय्या भाऊजी, किती आपुलकीने लिहिता हो!"

झालं! पत्र तयार झालं. 'आम्ही तुम्हाला विसरलेलो नाही. तुमच्याबद्दल आम्हाला अजून आठवतं, की' आणि त्यापुढे शेऱ्याचा रकाना. शनिवारी सकाळी अकराला दोनशे बारा पत्रं सुटली.

साडेअकराला वकीलसाहेब दुकानात उभे. मोबाईल लांब धरून त्यांनी भर कोर्टात वाचावं तसं वाचलं, "'माप देताना पोट आत ओढतात. टेपवर विश्वास ठेवू नये. दोन इंच वाढवणे.' हा काय प्रकार आहे, मास्तर?"

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. मेहुणीने हळूच लॅपटॉप मिटला.

"साहेब, ते जुनं आहे हो..."

"जुनं? मग घ्या माप! आत्ताच्या आत्ता! हा बघा, श्वास सोडून उभा राहतो."

मास्तरांनी टेप लावला. दोन नाही, साडेतीन इंच जास्त निघाले. वकीलसाहेबांनी वाकून टेपवरचा आकडा स्वतः वाचला.

"म्हणजे माझा कोट धुण्यात आटला नाही?"

"नाही साहेब."

"अहो, लाँड्रीवाल्याला मी नोटीस पाठवलीय!" ते मटकन स्टुलावर बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, कापड दाखवा. आणि हे बाहेर बोलू नका."

पाठोपाठ दातांचे डॉक्टर आले. त्यांचा शेरा होता, 'डावा खांदा उतरलेला. आत कापूस भरणे. त्यांना कळू देऊ नये.' लग्नात ज्या खांद्यांचं कौतुक झालं ते निम्मे कापसाचे होते, हे कळून डॉक्टर हादरले होते. एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. "'सगळं बायको ठरवते. यांना विचारण्यात वेळ घालवू नये.' बघा, परक्या माणसाला कळतं!" बाई खुशीत होत्या. नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही, दोन शर्ट मात्र ठरले.

सगळेच असे निघाले नाहीत. दोघांनी शिव्या घातल्या, एकाने आपली मापं वहीतून फाडून नेली. आणि पोस्टातले एक कारकून तर रडवेले होऊन आले. "माझ्या पत्रात 'आठवतं, की' एवढंच! पुढे काहीच नाही. वीस वर्षं येतोय हो मी!" मास्तरांना त्यांच्यासाठी तिथल्या तिथे शेरा लिहावा लागला.

"भाऊजी, सगळ्यांना माफीचं पत्र टाकू का?" मेहुणीने विचारलं.

"खबरदार त्या डबड्याला हात लावशील तर!"

आणि तेवढ्यात मास्तरांना आठवलं. मॅनेजर! पत्र त्यालाही गेलं असणार. त्यांनी घाईघाईने वही उघडली. 'उजवा पाय अर्धा इंच आखूड. त्याला माहीत नाही. सांगू नये. गुपचूप एक पाय कमी शिवणे.' मास्तरांनी कपाळाला हात लावला. दुकान तर बुडतच होतं, आता तळघरही गेलं.

मॅनेजर दुपारी आला. दाराबाहेरच्या गर्दीतून वाट काढत आत शिरला आणि त्याने आधी दार लोटून घेतलं.

"वर्षभर मला आमच्याच दुकानातल्या पँटी घालाव्या लागतायत, मास्तर. उजवी बाजू जमिनीवर लोळते. जिन्यात दोनदा पडलो. तीन जोड बूट बदलले, पाठीचा एक्स-रे काढला. आणि तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं हो."

मॅनेजरने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती तळघरातली जागा तुम्हाला मिळणार नाही."

मास्तरांना ती जागा मुळीच नको होती, तरी त्यांचा चेहरा पडला. "पत्रामुळे ना?"

"मग काय तर! तुम्ही तिथे येऊन बसलात, तर मी पँट शिवून घ्यायची कुठे?"

मास्तरांना असा आनंद झाला, की क्षणभर त्यांना टेपच सापडेना. तो गळ्यातच होता. मॅनेजरने दार नीट बंद आहे ना ते पुन्हा पाहिलं, खिशातून मूठ काढली आणि आपल्या दुकानाची सहा लेबलं टेबलावर ठेवली.

"सहा पँटी," तो कुजबुजला. "ही आतून शिवा. आमचे मालक तपासतात."