चुका बंद झाल्याचा अहवाल

बोलपट नवे होते, त्या सुमारास सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात औषधोपचारातल्या चुकांवर शास्त्रोक्त संशोधन झाले. लोकांच्या आरोग्यावर त्याचा फारच इष्ट परिणाम झाला, असे दप्तरी नमूद आहे.

संशोधक होता चनबसप्पा कंपाउंडर. रोगी औषधाला बाटली घरूनच आणीत, आणि पोटात घ्यायचे काय नि चोळायचे काय, सगळे तसल्याच बाटल्यांत जाई. चनबसप्पाने वर्षभर प्रत्येक चूक वहीत टिपली. एकसष्ट भरल्या. उपाय सोपा होता: चोळायच्या विषारी औषधाला निळी बाटली. भल्या माणसाने वही वर पाठवली.

वरून समिती आली. चार दिवस वही चाळून तिने निष्कर्ष काढला: वही सुरू होण्यापूर्वी दवाखान्यात एकही चूक नोंदलेली नाही, वही सुरू होताच एकसष्ट. सबब चुकांचे मूळ वहीत आहे. वही जप्त झाली आणि 'एक तारखेपासून चुका बंद' असा हुकूम भिंतीवर लागला. निळ्या बाटल्यांची मग गरजच उरली नाही.

पाच तारखेला गावाबाहेर मेंढरे बसवलेली मायाक्का गुंडा नावाच्या आपल्या नवऱ्याला टांग्यात घालून आली.

"आण्णा, काल गुडघ्यासाटी औषिद दिलं न्हवं? मालकांनी प्यालं. तुमीच म्हनला की, दोन येळा प्यायचं!"

चनबसप्पाने बाटली हुंगली. अदलाबदल त्याच्याच हातून झाली होती. तो धावत डॉक्टरांकडे गेला.

"साहेब, पोट धुवायची नळी काढा. चोळायचं औषध मी प्यायला दिलं. माझी चूक झाली."

डॉक्टरांनी हुकुमाकडे बोट केले. "नळी काढायची तर कारण लिहावं लागतं. न झालेल्या चुकीवर इलाज कसा करू?"

"माणूस मरेल, साहेब!"

"मरेल ना. त्याला आपली हरकत नाही. त्याचा रकाना वेगळा आहे."

नळी ठेवलेल्या कपाटाचे कुलूप फोडावे, असे चनबसप्पाच्या मनात आले. मग वीस वर्षांची नोकरी आठवली, घरची पाच तोंडे आठवली, आणि तो कुलपाकडे पाहत उभा राहिला. लाज वाटली, खरोखर वाटली. गुंडा दुपारपर्यंत ओसरीवर तडफडला आणि गेला.

"आण्णा, काय झालं हुतं त्यास्नी?" मायाक्काने विचारले.

"ताप," चनबसप्पा म्हणाला.

"ताप न्हवता की वो. अंग गार पडलं हुतं."

त्याने कागदावर ताप लिहिला.

वर्षअखेर जाहीर सभेत अहवाल वाचला गेला. चुका: शून्य. डॉक्टरांना हार पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला. चनबसप्पानेही वाजवल्या. त्या टाळ्यांत आपण नव्हतो, असे वाचकहो, तुम्ही म्हणाल. पण त्या दिवशी सभागृहात उभे राहायलाही जागा नव्हती, आणि आलेली मंडळी सगळी तुमच्याआमच्यासारखी शिकलेली होती. शून्य ऐकून त्यांना फार बरे वाटले.