पाडणारा (वर्ग तीन)

कोणत्याही वस्तूची खरी लायकी ती हातून पडल्यावरच कळते. माणसाच्या बाबतीत हे तपासण्याची शास्त्रशुद्ध सोय नाही. रायफलवरच्या दुर्बिणीच्या बाबतीत आहे. आमचे तपासणी केंद्र त्याचसाठी स्थापन झाले आणि तेथे मी एकतीस वर्षे सेवा केली.

पद्धत साधी आहे. दुर्बीण आणि तिला रायफलवर धरून ठेवणारी पकड, म्हणजे माउंट, घट्ट बसवायची. दुर्बिणीतून नेम धरून शंभर मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या. मग रिकामी रायफल कमरेच्या उंचीवरून काँक्रीटच्या फरशीवर पाडायची आणि पुन्हा पाच गोळ्या झाडायच्या. दोन्ही खेपांच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागल्या, तर दुर्बिणीचा 'झिरो' टिकला असे समजावे.

मात्र नियम अकरा म्हणतो : 'रायफल हातून सुटली पाहिजे, सोडलेली चालणार नाही.' (या वाक्यासाठी समितीच्या चौदा बैठका झाल्या. त्यांत फुटलेले सहा कप अहवालाला पुरावा म्हणून जोडले आहेत.) त्यामुळे 'पाडणारा' हे पद निर्माण करावे लागले. पात्रता : लिहिता-वाचता येणे आणि नैसर्गिक वेंधळेपणा. त्रेसष्ट उमेदवार आले. बासष्टांनी मुलाखतीत काचेचा ट्रे मुद्दाम पाडला व ते बाद झाले. त्रेसष्टावा उंबऱ्याला अडखळून ट्रेसकट अध्यक्षांच्या अंगावर गेला. तो माझा मेहुणा. (निवडीशी नात्याचा संबंध नाही. मी फक्त ट्रे दिला होता.)

अट एकच : सहा महिन्यांत निदान एकदा रायफल नियमानुसार पडावी, नाहीतर सेवा समाप्त.

पण जबाबदारी माणसाला बिघडवते. घरी ज्याच्या हातात कपाचा कान तेवढा उरत असे, तो मेहुणा रायफल तान्ह्या बाळासारखी धरू लागला. पाच महिने एकोणतीस दिवसांत तीनशे बारा दुर्बिणी तपासल्या. पडझड : निरंक. प्रत्येक अहवालात आम्ही लिहिले, 'पडल्यामुळे झिरो ढळल्याचे आढळले नाही.' (वाक्य अक्षरशः खरे आहे.) सर्व दुर्बिणी पास होऊन रवाना झाल्या.

"अहो, द्या की त्याला एक धक्का!" घरी सौभाग्यवती म्हणाली.

"धक्का नियमात बसत नाही."

"मग बसा नियम कुरवाळत. माझा भाऊ बायको आणि दोन पोरं घेऊन आपल्याकडे कायमचा राहायला आला, की त्यांनाही वाचून दाखवा."

शेवटच्या दिवशी मेहुणा रडकुंडीला आला होता. "दाजी, बोटंच उघडत नाहीत हो. पडेल या भीतीनं मूठ आणखीच आवळते."

दुपारी साहेब सेवासमाप्तीचे पत्र घेऊन स्वतः आले. वरिष्ठांनी दिलेला कागद दोन्ही हातांनी घ्यावा, हे मेहुण्याचे वळण. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

रायफल पडली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पाच गोळ्या झाडल्या. चार कागदाच्या उजवीकडे हातभर अंतरावर लागल्या. पाचवी अद्याप सापडलेली नाही.

"पण ही तर मंगळवारीच पास झालीय!" साहेब म्हणाले.

चौकशी तर्काला धरून झाली. पास झालेली दुर्बीण नापास होऊ शकत नाही. तपासणी दुर्बिणीची होती, रायफलची नव्हती. पाडणाऱ्याने आपले काम चोख केले होते. उरली फरशी. ती तपासता 'गरजेपेक्षा जास्त कठीण' आढळली, म्हणून नापास करण्यात आली आणि तिच्यावर चार बोटे जाडीची गादी अंथरली. गादीवर रायफल पडली, म्हणजे आडवी झाली म्हणा, आणि झिरो तसूभरही हलला नाही. त्याच पत्रावरचे 'समाप्त' खोडून साहेबांनी 'कायम' लिहिले. कागदाची बचत झाली.

हे यश पाहून वरून आमच्याकडे आणखी वस्तू सोपवल्या गेल्या : शिड्या, लिफ्टचे दोर, गॅसच्या तोट्या, खुर्च्या. मेहुणा आता मुख्य तपासनीस आहे. गादी तीच आहे.

बंदुकीशी आपला काय संबंध, असे म्हणून आपण हसत असाल. अवश्य हसावे. फक्त ज्या खुर्चीत बसून हसत आहात, तिच्याखाली एकदा वाकून पाहावे. आमच्या केंद्राची 'पास'ची निळी चिठ्ठी असेल, तर सही मेहुण्याची आहे. मागे रेलण्यापूर्वी गादी अंथरून घ्यावी.