कामरेजहून आलेल्या सासूबाई

वाल्मिकने टेम्पोतून उतरवलेलं धूड बघून उज्ज्वलाच्या हातातलं साडीचं टोक गळून पडलं. "ओ माय वं! हा उंट का कोंबडा?"

"इमू आहे. नाव तारा. कामरेजचं फार्म बंद पडलं, मालक रडत होता बिचारा. नंदुरबारहून त्याचा भाचा येऊन घेऊन जाईल. दोन दिवस फक्त!"

भाचा कसला येतो! तारा मात्र डिंडोलीच्या त्या दीड खोलीत चांगलीच रुळली. उज्ज्वला साड्यांवर खडे चिकटवायला बसली, की ती शेजारी आपले तीन-तीन बोटांचे पाय दुमडून बसायची आणि चमकता खडा गट्ट करायची. उज्ज्वला दिवसभर "हाकला हिला" म्हणायची आणि जेवताना पहिली भाकर तिलाच मोडून द्यायची. जीव जडला होता, दुसरं काय! भीती एकच, घरमालक धीरुकाकांची. खोली देताना त्यांनी दोनच अटी घातल्या होत्या: जनावर पाळायचं नाही आणि घरात अंडं आणायचं नाही. ही खोली गेली, तर शेजारचं सगळं गोडादरा पालथं घालूनही दुसरी मिळाली नसती.

एका दुपारी दारात काकांचाच आवाज आला. "उज्ज्वलाबेन, पाणी आवे छे ने?"

उज्ज्वलाने हातातली साडीच ताराच्या अंगावर टाकली आणि पदर पार चोचीखाली ओढला. तोवर काका आत डोकावलेच.

"आ कोण?"

"सासूबाई. गावाहून आल्यात. गुडघे गेलेत, उठवत नाही त्यांना."

काकांनी हात जोडले. "जय श्रीकृष्ण, बा!"

पदराआडून ढोल घुमावा तसा आवाज आला, "ढुम... ढुम..."

"अरे बाप रे! बाला कफ केवढा झालाय!"

संध्याकाळी काकांनी अडुळशाचा काढा आणि पुडाभर फाफडा पाठवला. काढा वाल्मिकने नाक दाबून प्यायला, फाफडा ताराने संपवला. आता बरं वाटतंय म्हणावं, तर काका गप्पा मारायला येणार. बिघडलंय म्हणावं, तर डॉक्टर घेऊन येणार. म्हणून "तशाच आहेत" असा निरोप धाडला. तर काका काकींनाच घेऊन हजर!

पुन्हा साडी, पुन्हा पदर. काकी मायेने पाया पडायला वाकल्या. त्यांच्या चमचमत्या बांगड्या दिसल्या मात्र, सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या! साडी घसरली, काकी किंचाळल्या आणि तारा बसली होती तिथे भल्या मोठ्या कैरीएवढं हिरवंगार अंडं दिसलं.

दोन्ही अटी एकदमच मोडल्या होत्या. उज्ज्वला ताराच्या मानेला मिठी मारून रडायलाच लागली. "खोली सोडतो आम्ही, काका. पण हिला नाही सोडणार मी!"

वाल्मिक आ वासून बायकोकडे बघत राहिला.

काकांनी लांबूनच वाकून अंडं न्याहाळलं. तेवढ्यात ताराने त्यांच्या खिशातलं पेन पळवलं. काकांना हसूच आवरेना.

"रडते काय, बेन? अंडं बाहेरून आणायचं नाही, असं बोललो होतो मी. हे तर घरचंच आहे! आणि बाला कोणी घराबाहेर काढतं का?"

दिवाळीला खऱ्या सासूबाई शिरपूरहून आल्या. धीरुकाका फाफड्याचा पुडा घेऊन लगबगीने आले, नमस्काराला वाकले आणि आधी त्यांनी पायांची बोटं मोजली. पाच-पाच भरली, तसा त्यांचा चेहरा जरा पडलाच. त्यांनी हळूच उज्ज्वलाला विचारलं, "आपली बा कुठंय?"