शांतोबा लाइव्ह

एका जंगलात, मुलांनो, मोबाइलची रेंज फार उशिरा आली. श्रद्धेला मात्र पहिल्यापासून फुल रेंज होती.

तिथे तळ्याकाठी शांतोबा नावाचं म्हातारं कासव राहायचं. कुणावर दुःख कोसळलं की तो शांतोबांजवळ येऊन बसायचा. ते ऐकून घ्यायचे. बोलायचे क्वचितच. तरी येणारा हलका होऊन जायचा.

पढतराव पोपटाने हे हेरलं.

"बाबा, असं एकेकाला भेटत बसलात तर जंगलाचा उद्धार व्हायचा कधी? मी तुम्हाला घराघरांत पोचवतो."

शांतोबांना ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलंही.

पढतरावाने कॅमेरा लावला, तळ्याला कुंपण घातलं. पण बाबांचं गप्प बसणं पडद्यावर काही उठून दिसेना. मग बाबांच्या आवाजात तोच बोलू लागला. पोपटच तो, आवाज हुबेहूब जमला. मागे बासरी टाकली. बिळाबिळांत प्रवचनं घुमू लागली.

एकदा कुंपणापलीकडून रडणं ऐकू आलं. चांदी हरिणी होती. तिचं पाडस पुरात वाहून गेलं होतं.

"मला बाबांजवळ जरा बसू द्या हो," ती विनवत होती.

"ताई, दुःख कॉमेंटमध्ये लिहा," दारावरचा मुंगूस म्हणाला. "बाबा त्याखाली लाल बदाम पाठवतात."

शांतोबा चमकले. त्यांनी जन्मात कुणाला बदाम पाठवला नव्हता. ते चिखलातून सरपटत कुंपणाखालून बाहेर पडले. पण कासवच ते. तोवर चांदी निघून गेली होती.

वाटेत माळावर मोठा पडदा होता. त्यावर ते स्वतःच प्रवचन देत होते. त्यांनी एका सशाला विचारलं, "बाळा, चांदी कुठे राहते रे?"

"गप्प बसा ना, आजोबा! बाबा बोलताहेत."

"अरे, तो मीच."

"हो का? मग मी सिंह," ससा म्हणाला.

अखेर करवंदीच्या जाळीत चांदी सापडली. ती त्यांच्या पाठीवर डोकं टेकून पोटभर रडली. शांतोबा नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तिने गवताला तोंड लावलं, तेव्हाच ते परतले.

दारात मुंगसाने अडवलं. "दर्शन बंद. बाबांनी काल समाधी घेतली."

"मग मी कोण?"

मुंगूस गोंधळला. तेवढ्यात पढतराव धावत आला आणि कानाशी कुजबुजला, "बाबा, तुम्ही दिसला नाहीत, म्हणून जाहीर करून टाकलं. भक्त दुप्पट झालेत! आता परत आलात तर लोकांची श्रद्धा उडेल. जरा धर्माचा विचार करा."

शांतोबांनी धर्माचा विचार केला. त्यांना खुदकन हसू आलं. ते वळले आणि करवंदीच्या जाळीकडे चालू लागले.

तात्पर्य : मुलांनो, बाबांचं थेट प्रक्षेपण चालू असताना बाबांनी मध्ये कडमडू नये.